आठ दिवसांचे समुपदेशक

इतवारीच्या सराफा बाजारात नव्याने पेढीवर आलेल्या मुलाच्या हाती पहिल्याच आठवड्यात कोणी तराजू देत नाही. आधी तो गादी झटकतो, गिऱ्हाइकाला पाणी देतो, मग वर्ष-दोन वर्षे मुकाट बसून कसोटीवर उमटणारी रेघ वाचायला शिकतो. चूक झाली तर मालकाचे पैसे जातात आणि पेढीचे नावही जाते, हे त्याला पुरते ठाऊक असते. एवढी काळजी घेणाऱ्या बाजारालाही शासनाने २०२१ पासून हॉलमार्क सक्तीचा केला. चार पिढ्यांचा विश्वास असला तरी शिक्का हवाच, असे ठरले. ते योग्यच झाले. परंतु याच बाजारातून घडवलेले मंगळसूत्र गळ्यात घालून जी मुलगी सासरी गेली, तिचा संसार मोडायच्या बेतात आला म्हणजे तो सांधायला जो माणूस मध्ये बसतो, त्याला कोणी कसाला लावले आहे काय? त्याच्यावर शिक्का कोणाचा?

२२ जुलै २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने एका वैवाहिक वादाचा निकाल देताना अलाहाबाद उच्च न्यायालयाची जून २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वे कायम ठेवली आणि संबंधित यंत्रणांनी ती अमलात आणावीत, असा आदेश दिला. विवाहितेच्या छळाची तक्रार नोंदल्यावर दोन महिने अटक नाही. या अवधीत प्रकरण जिल्ह्याच्या कुटुंब कल्याण समितीपुढे जाईल. समिती दोन्ही बाजूंशी बोलून अहवाल देईल, अशी ती योजना आहे. समितीवर कोण असावे, याचीही यादी आहे. तरुण मध्यस्थ किंवा जेमतेम पाच वर्षांची वकिली झालेला वकील, नाहीतर विधी शाखेच्या शेवटच्या वर्षाचा हुशार विद्यार्थी; जिल्ह्यातील नामवंत समाजसेवक; निवृत्त न्यायिक अधिकारी; आणि वरिष्ठ न्यायिक वा प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या सुशिक्षित पत्नी. या मंडळींना प्रशिक्षण किती? आवश्यक वाटेल तेवढे, मात्र एका आठवड्याहून अधिक नाही.

गंमत अशी की, याच तत्त्वांमध्ये तपास करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यासाठी विशेष प्रशिक्षणाची मर्यादा सांगितली आहे ती किमान एका आठवड्याची. कागद तपासणाऱ्याला आठवड्याहून कमी चालणार नाही आणि माणसे तपासणाऱ्याला आठवड्याहून जास्त चालणार नाही! न्यायालयाविषयी पूर्ण आदर राखूनही विचारावेसे वाटते की, पतीचे पद ही पत्नीची पात्रता केव्हापासून ठरली? जिल्हाधिकाऱ्यांच्या पत्नी दंतवैद्यक करीत नाहीत, शल्यकर्म करीत नाहीत, पूल बांधीत नाहीत. मग मोडत्या घराच्या दारात त्यांना कोणत्या शास्त्राच्या बळावर उभे करायचे?

या समित्यांचा जन्म पहिल्यांदा झाला तो २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्याच एका निकालाने. त्या निकालातही निवृत्त माणसे आणि अधिकाऱ्यांच्या पत्नी होत्याच. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्रिसदस्यीय पीठाने त्या समित्या कायद्याच्या चौकटीबाहेरच्या ठरवून रद्द केल्या. सात वर्षांनी त्या पुन्हा अवतरल्या आहेत. त्यामागची व्यथा खोटी नाही. १९८३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेल्या ४९८ अ या कलमाखाली, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेतील कलम ८५ व ८६ खाली, सत्तरीतले सासू-सासरे, परगावी राहणारी नणंद, शिकत असलेला दीर, अशी सारी बिऱ्हाडे एका अर्जात ओढली जातात, हा अनुभव अनेक सज्जन कुटुंबांनी घेतला आहे. त्याविरुद्धचा संताप रास्त आहे. पण खरी तक्रार कोणती, रागाच्या भरात लिहिलेली कोणती आणि वकिलाने सजवलेली कोणती, हे ओळखणे हेच तर मुळी सर्वांत कठीण काम! ज्या कामात एका चुकीने निरपराध म्हातारा कोठडीत जाऊ शकतो आणि दुसऱ्या चुकीने एखादी मुलगी जळून मरू शकते, त्या कामासाठी आठ दिवस?

याला उत्तर म्हणून आपल्याकडे एक ठेवणीतले वाक्य तयार असते. ‘आमची कुटुंबव्यवस्था मजबूत आहे, आम्हाला समुपदेशक कशाला? घरातली वडीलधारी माणसे काय कमी आहेत?’ हे वाक्य व्याख्यानात टाळ्या घेते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे मात्र टाळ्या थांबवणारे आहेत. त्या वर्षी देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. कारणांच्या यादीत पहिला क्रमांक कौटुंबिक समस्यांचा, ३१.७ टक्के, विवाहविषयक कारणांचे ४.८ टक्के आणखी वेगळे. दिवाळखोरी व कर्जबाजारीपणाचा वाटा ४.१ टक्के होता. कर्जाने मरणाऱ्यांची चर्चा विधिमंडळात होते आणि ती व्हायलाच हवी. पण घरामुळे मरणाऱ्यांची संख्या तिच्या सातपटीहून अधिक असताना त्यांचा प्रश्न कोणत्या सभागृहात मांडला जातो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला सांगितले. वडीलधारी माणसे घरातच होती की!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत इतवारीच्या रस्त्यांतून निघते, अवघे नागपूर लोटते, आणि रोगराई, ईडापीडा घेऊन जा, असे तिला बजावून गावाबाहेर नेऊन जाळले जाते. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली ही परंपरा लोकांच्या मनाला मोकळे करणारी आहे. बडग्यांच्या रूपाने राज्यकर्त्यांनाही दोन शब्द ऐकवून घेते. घरातली मारहाण मात्र मारबतीसोबत जात नाही. ती त्याच रात्री त्याच माडीवर शिल्लक असते.

वडीलधाऱ्यांचा न्याय कसा चालतो, हे इतवारीत कोणालाही सांगण्याची गरज नाही. किराणा ओळीतील वा मस्कासाथेतील एखाद्या घराची कल्पना करावी. खाली दुकान, वर बिऱ्हाड, तीन भावांचा एकत्र धंदा, गल्ला वडिलांच्या हाती. धाकटा मुलगा पितो, क्रिकेटच्या सट्ट्यात पैसे घालवतो आणि बायकोवर हात टाकतो. मुलीचे वडील समाजाच्या अध्यक्षांकडे जातात. अध्यक्ष सज्जन असतात, दानशूर असतात. पण त्यांचा माल याच दुकानातून जातो. बैठक भरते. दहा पुरुषांसमोर, सासू-सासऱ्यांच्या देखत मुलीला विचारले जाते, ‘काय त्रास आहे सांग बाई.’ ती काय सांगणार? ती मान खाली घालते. मग दोघांनाही समज दिली जाते. त्याने पिणे कमी करावे, तिने तोंड आवरावे. पेढा वाटला जातो, आणि समेट झाला अशी नोंद समाजाच्या अहवालात होते. कोणाच्याही मनात पाप नसते. तरी त्या मुलीपुरते एक दार कायमचे बंद झालेले असते, कारण समाजाकडे जाऊन काय मिळते हे तिला आता कळलेले असते.

कायद्याला हे बारकावे केव्हाच उमगले आहेत. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याखालचे नियम काढून वाचावेत. वादाशी हितसंबंध असलेली किंवा कोणत्याही पक्षाच्या नात्यातली व्यक्ती सर्व पक्षांच्या लेखी संमतीवाचून समुपदेशक होऊ शकत नाही. समुपदेशन सुरू होण्यापूर्वीच पुरुषाला बजावून सांगायचे असते की, हिंसेचे समर्थन येथे ऐकले जाणार नाही. पुन्हा असे घडणार नाही, ही हमी मिळवण्याच्या दिशेने ते चालायचे असते. म्हणजे ‘तिने उलट उत्तर दिले म्हणून’ हे वाक्य उच्चारताच थांबवले पाहिजे. आपल्या बैठकांमध्ये याच वाक्यापासून न्यायाला आरंभ होतो! संरक्षण अधिकारी नेमतानाही सामाजिक क्षेत्रातील किमान तीन वर्षांच्या अनुभवाची अट नियमांत आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांनी हे पद वर्षानुवर्षे दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या डोक्यावर अतिरिक्त कार्यभार म्हणून टाकले. अधिनियम लागू होऊन अठरा वर्षे उलटल्यावर, मे २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की, संरक्षण अधिकारी निश्चित करा, आणि तेही सहा आठवड्यांत.

त्याहून गंभीर गोष्ट मुलांची. घरात एखाद्या मुलावर वा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले आणि कुटुंबाचे हितचिंतक म्हणून कोणी ते प्रकरण आतल्या आत मिटवले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली तो स्वतः गुन्हेगार ठरतो. माहिती असून पोलिसांना न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. घरोघरी जाणाऱ्या किती सद्भावी कार्यकर्त्यांना हे ठाऊक आहे? अब्रू राखण्याची आपली जुनी रीत येथे बालकाच्या मुळावर येते आणि वर कार्यकर्त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते.

नागपूरने हा धडा एकदा गिरवलेला आहे. शंभर वर्षांपूर्वी येथे बाळंतपणाला शिक्षण लागते असे कोणालाच वाटत नव्हते. मोहल्ल्यामोहल्ल्यात अनुभवी सुइणी होत्या, त्यांच्या हातून शेकडो मुले जन्मली होती, त्यांची माया शंभर नंबरी होती. आणि तरीही बाया बाळंतरोगाने मरत होत्या. कारण मायेने हात निर्जंतुक होत नाहीत. तरुणपणीच वैधव्य आलेल्या कमलाताई होस्पेट यांनी डफरिन रुग्णालयात परिचारिकेचे रीतसर शिक्षण घेतले आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्या साथीने मातृसेवा संघ उभा केला. केवळ प्रसूतिगृह काढून त्या थांबल्या नाहीत. विधवा, परित्यक्ता अशा स्त्रियांना त्यांनी शिकवून या कामात उभे केले. सेवाभाव हवाच, पण सेवाभावाला तंत्राची जोड नसेल तर तो घातक ठरू शकतो, हे त्या स्त्रीने प्रसूतीच्या खोलीत ओळखले होते. याच संघाने १९५८ मध्ये समाजकार्य शिकवणारी संस्था नागपुरात काढली, हा योगायोग नव्हे. सुईण शिकलेली हवी, तर समाजसेवकही शिकलेला हवा, असा तो सरळ विचार होता. संसाराच्या बाबतीत आपण आज १९२१ च्या आधीच्या नागपुरात राहतो.

आता समाजकार्याच्या शिक्षणाची दुसरी बाजू. भारतातील पहिली समाजकार्य शाळा १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला निघाली. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ती गाजली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी. साहजिकच अभ्यासक्रमाचा साचा अमेरिकेतून आला, आणि पुष्कळ ठिकाणी तो अजून सुटलेला नाही. पदव्युत्तर पदवी घेतलेली मुलगी पाश्चात्त्य विचारवंतांचे सिद्धांत घडाघडा सांगते, पण चुलतसासूचा राग मालमत्तेवरून आहे की मानपानावरून, हे तिला उमगत नाही. पुस्तकातले कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुले. इतवारीतले कुटुंब म्हणजे एका चुलीवरची अकरा माणसे आणि एक दुकान. त्यात काही प्राध्यापक वर्गात कुटुंब ही मुळातच दमनाची यंत्रणा आहे, असे शिकवतात. ज्याला घर ही तुरुंगाची भिंत वाटते, त्याच्या हाती घर दुरुस्तीची थापी कशी द्यावी? पण म्हणून त्या शिक्षणावरच फुली मारणे हा करंटेपणा होईल. १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला तो याच संस्थेने. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलीस ठाण्याच्या आवारात बसते, बाईचे म्हणणे आधी तिच्या एकटीकडून ऐकते, हा पायंडा तेथून पडला. नागपूर पोलिसांनी २०१७ च्या आरंभी सुरू केलेल्या भरोसा सेलमागेही पोलीस, समुपदेशक, वैद्यकीय व कायद्याची मदत एका छताखाली आणण्याचीच कल्पना आहे. ज्यांचे विचार पटत नाहीत त्यांचे तंत्र चांगले असेल तर ते घ्यावे. परक्याची बंदूक घेताना त्याचे गाणे गावे लागत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या पदवीधर माणसांची फौज आणायची कोठून? येथे विदर्भाचाच दाखला द्यावा लागतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा प्रकल्प राबवला गेला. गावपातळीवरचे कार्यकर्ते आणि समुपदेशक निवडले, शिकवले, आणि त्यांच्यामागे मनोविकारतज्ज्ञ उभे केले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहावेत. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. हे काम आपल्याच वऱ्हाडी बोलीत बोलणाऱ्या साध्या माणसांनी केले. तेव्हा अडचण पदवीची नाही. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने अशाच बिगर-तज्ज्ञ समुपदेशकांकडून नैराश्य आणि दारूच्या व्यसनावर काम करून घेतले, तेव्हा त्यांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण दर आठवड्याला सहकाऱ्यांपुढे ऐकवले जाई आणि कोठे चुकले, कोठे घाई झाली, यावर गुण दिले जात. शिकवून सोडून दिले नाही. शिकवल्यावर पाठीशी उभे राहिले. आपल्याकडच्या शिबिरांमध्ये नेमके हेच गळते. उद्घाटन होते, दीपप्रज्वलन होते, तीन बौद्धिके होतात, प्रमाणपत्र मिळते आणि शेवटी समूह छायाचित्र. सहा महिन्यांनी त्या शिबिरार्थीने हाताळलेले पहिले प्रकरण कसे गेले, हे विचारायला कोणी येत नाही.

यात परके आणि सरकार यांनाच बोल लावून भागणार नाही. संघाच्या शताब्दीच्या निमित्ताने समाजापुढे ठेवलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधन हा एक विषय आहे. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र बसावे, जेवावे, बोलावे, ही सूचना अत्यंत शहाणपणाची आहे. ज्या घरात बोलणे चालू असते तेथे पुष्कळसे विष साचतच नाही. हे निरोगी घराचे पथ्य झाले. परंतु प्रबोधनासाठी घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्याला दहावीस घरांमागे एखादे घर असे भेटणारच की, जेथे पथ्याने भागत नाही. स्वयंपाकघरातून चहा घेऊन येणाऱ्या सुनेच्या मनगटावर वळ दिसतो. कॉलेजातला मुलगा तीन महिने खोलीबाहेर आलेला नाही. आजोबा एकाएकी सगळ्यांची निरवानिरव करू लागले आहेत. त्या क्षणी कार्यकर्त्याने काय करायचे? संस्कारांचे महत्त्व सांगायचे? त्याला हे न शिकवता घराघरांत पाठवणे त्याच्यावरही अन्याय आहे आणि त्या घरावरही. चांगला कार्यकर्ता म्हणजे सर्वज्ञ नव्हे. आपल्याने झेपणार नाही ते कोणाकडे, किती तातडीने न्यायचे, हे ज्याला कळते तोच कामाचा.

म्हणून प्रशिक्षण हवे ते निदान वर्षभराचे, आणि मराठीतून. आधी ऐकणे शिकवावे. बोलायला आपल्याकडे सर्वांना येते. नवरा-बायकोला पहिल्याच भेटीत समोरासमोर बसवू नये, बाईला एकटीला भेटावे, आज रात्री घरी परतणे तिला सुरक्षित आहे काय हे सर्वांत आधी विचारावे, हे अंगवळणी पडले पाहिजे. आत्महत्येबद्दल स्पष्ट शब्दांत विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो, हे त्याने शिकावे. दारू हे कारण कधी असते आणि सबब कधी असते, हे ओळखावे. कायद्याची चार-पाच कलमे तोंडपाठ हवीत. गुप्तता तर इतवारीसारख्या वस्तीत जीव की प्राण. येथे एका ओळीत झालेली कुजबुज संध्याकाळपर्यंत लोहा ओळीत पोहोचते. त्यानंतर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ठरावीक प्रकरणे हाताळल्याशिवाय त्याला एकट्याला कोठेही बसवू नये. आणि समेट घडला म्हणजेच यश, हा हिशेब त्याच्या वहीतून खोडून टाकावा. काही घरे सांधायची असतात. काही घरांतून माणूस जिवंत बाहेर काढायचा असतो. दोन्हींतला फरक कळायला वर्षे लागतात.

पैशाचा प्रश्न निघेलच. अलाहाबादच्या तत्त्वांमध्ये हे काम उदात्त असल्यामुळे सदस्यांनी ते विनामूल्य किंवा किमान मानधनावर करावे, असे म्हटले आहे. उदात्त कामाला पैसे लागत नाहीत, हा शोध आपल्याकडे फार लाडका आहे. तो शिक्षकांना, परिचारिकांना, अंगणवाडी सेविकांना लावून झाला. सरकारी योजनांतील समुपदेशकांच्या जागाही बहुधा कंत्राटी. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या मार्चपर्यंत टिकेल की नाही याचा भरवसा नाही, तो दुसऱ्याच्या घराला धीर देणार! तीन वर्षांत त्याला अनुभव येतो आणि चौथ्या वर्षी तो दुसरीकडे निघून जातो.

इतवारीला लागूनच गांधीबागेत डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय आहे. पहिलटकरणी तेथे तपासणीला येतात, तासन्‌तास बाकावर बसतात. सोबत सासू असते, कधी आई, कधी नवरा बाहेर दुचाकीवर वाट पाहत असतो. घर घडण्याचा काळ तो हाच, आणि बिघडू लागण्याचाही. समाजाची सभागृहे, मंगल कार्यालये आणि परिचय मेळावे यांवर दरवर्षी जो खर्च इतवारीत होतो, त्याच्या लहानशा हिश्श्यात त्या बाकाजवळ दोन शिकलेल्या, पूर्ण पगारी स्त्रिया बारा महिने बसवता येतील. समाजाच्या अध्यक्षांनी एवढा ठराव येत्या वार्षिक सभेत मांडावा. आणि त्या दोघींची निवड करताना त्या कोणाच्या पत्नी आहेत, हे विचारू नये.